सोळा टक्के

कोसळलेल्या इमारतीखालून नवऱ्याचा फोन आला, तेव्हा सुवर्णा बमरोलीच्या रस्त्यावर ढिगाऱ्यासमोर उभी होती. “सोळा टक्के बॅटरी आहे,” तो म्हणाला. “नेट बंद करा, ब्राइटनेस कमी करा. माझ्याशिवाय कुणाचा फोन उचलू नका,” तिनं बजावलं. मग धुळ्याकडच्या गावी सासूला एवढंच कळवलं: जिवंत आहेत, बोलताहेत. दुपारी अग्निशमन दलानं जेसीबी थांबवले. “बेन, फोन लगावो,” दलाचे गुजराती साहेब म्हणाले. रिंग जिथं ऐकू येईल, तिथंच ते खणणार होते. सगळे श्वास रोखून उभे राहिले. तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. एवढ्यात रिंग वाजली आणि माणसं ढिगाऱ्याकडे धावली, पण वाजत होता तिच्याच हातातला फोन. थोरले दीर गावाहून बोलत होते. “सगळ्या भाऊबंदांनी फोन करून त्याला धीर दिला. मोठ्यांचा एकही फोन कापला नाही त्यानं.”