सगळ्यांना सारखी जागा

"खोटं बोलून राहिला हा भैय्याजी," गजाननने टीव्हीकडे बोट केलं. "सरासर खोटं."

पडद्यावर लोकल केबलचे भैय्याजी सांगत होते, की पांढुर्ण्याच्या या नगरपालिका निवडणुकीत आमच्या चॅनेलने प्रत्येक उमेदवाराला सारखी जागा दिली, कोणाचाही आवाज दाबला नाही. शेजारी बसलेले दोघे पाहुणे माना हलवत होते. त्यांना त्याचसाठी बोलावलं होतं.

गजाननच्या घरात गल्ली जमली होती. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून त्याची बायको मीना अपक्ष उभी होती. भिंतीवरच्या पोस्टरवर हात जोडलेला गजानन मोठा होता आणि कोपऱ्यात पदर घेतलेली मीना. गल्लीतले लोक आतापासूनच त्याला पार्षदसाहेब, म्हणजे नगरसेवकसाहेब, म्हणत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मीनाला मतदानाआधी एकच गोष्ट बोलायची होती. गल्लीच्या नळाला गटाराचं पाणी मिसळून येत होतं. त्याच पाण्याने तिची मुलगी प्रणाली गेल्या वर्षी काविळीत गेली. तेव्हापासून ती घरात कोणालाही उकळल्याशिवाय पाण्याचा घोट घेऊ देत नसे. निवडणुकीला ती एवढ्यासाठीच तयार झाली होती.

"मोठ्या पक्षाच्या रॅलीतला बँडसुद्धा दाखवला यायनं," गजानन तावातावाने बोलत होता. "अन् माह्या बायकोले एक मिनिट नाई? बाईचा आवाज या लोकायले खपत नाई."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीनाला भरून आलं. नवरा आपल्यासाठी एवढा भांडेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

गजाननने कार्यक्रमात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. भैय्याजींना त्याने चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गजाननभाऊ, आमचा कॅमेरावाला तुमच्या घरी येऊन गेला. दर खेपेले तुम्हीच बोलले. बरं, तक्रार हाय तर आत्ता लाइव्ह घेतो. द्या वहिनीले फोन. पाहिजे तेवढं बोलू द्या."

मीनाने पदर सावरला आणि हात पुढे केला. पहिलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

गजाननने त्या हाताकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"मीना घरी नाई," तो म्हणाला. "तिच्या वतीनं मीच सांगतो. मी पार्षद झालो, का पहिले गल्लीच्या तोंडावर मोठी कमान बांधतो."

भैय्याजींचं खोटं पकडायला जमलेल्या त्या खोलीत कोणीतरी कमानीसाठी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली.

मीनाने हात मागे घेतला आणि ती आत गेली.

गजानन बराच वेळ बोलला. फोन ठेवला तेव्हा त्याचा घसा कोरडा पडला होता. मीना तांब्या घेऊन आली आणि तिने तो त्याच्या हातात दिला. त्याने एका दमात रिकामा केला.

"आज पाणी मस्त गार हाय," तो म्हणाला.

"नळाचं हाय," मीना म्हणाली.