जेवणाचं शिंग

आमच्या पांतानालच्या दलदलीतला शेवटचा जग्वार माझ्या नवऱ्याच्याच कुठल्याशा खापरपणज्याने मारला. पोकळ भोपळ्यातून मादीचा आवाज काढायचा आणि नर धावत आला की गोळी घालायची, ही त्यांची घराण्याची रीत. पुढे जग्वारची जागा क्वातींनी घेतली. एकेकाळी अंडी चोरणारं हे लांब नाकाचं जनावर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गाईएवढं झालं.

माझ्या नवऱ्याने, जुवेनालने, एका क्वातिणीची पिल्लं मारली. तिने माझ्या दिराला फाडलं.

आज सकाळी जुवेनालने भोपळा आणि बंदूक उचलली. "तिच्या मेलेल्या पिल्लांच्या आवाजात बोलावतो त्या भवानीला. कातडं तुझ्या दारात आणून टाकतो, झुल्मीरा!"

"आधी दोन घास खाऊन जा."

"भात झाला की शिंग फुंक. येतोच."

उन्हं डोक्यावर आली तेव्हा नदीकडून बैलाचं शिंग वाजलं. दोन लांब, एक आखूड, हुबेहूब माझी फुंक. झाडीतून जुवेनाल ओरडला, "आलो गं!"



भात अजून कच्चाच होता, आणि शिंग माझ्यासमोर खुंटीला टांगलेलं होतं.