कडू बदामाचा वास

रायपूरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत चेतना सायनाइड वापरून अमिनो आम्ल बनवत होती. फ्लास्कमध्ये ॲसिडचे थेंब पडू लागले आणि तिला कडू बदामाचा वास आला. आधीच्या पायरीतलं सायनाइड संपलंच नव्हतं आणि त्यावर ॲसिड पडत होतं. विषारी वायू सुटला होता.

"सर, वास येऊन राहिला. बाहेर चला!"

तिचे मार्गदर्शक शालिग्राम सर फ्लास्कवर वाकले. "मले तर काहीच नाही येत. उगाच घाबरू नको, चालू ठेव."

चेतनानं ॲसिड बंद केलं आणि सरांना दंडाला धरून बाहेर ओढलं. दार लागतं न लागतं तोच आतला अलार्म कोकलू लागला.

"सर," ती धापा टाकत म्हणाली, "काही लोकायले हा वास जन्मापासूनच येत नाही. घराण्यातच असते ते."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची मुलगी या वेळी शहराजवळच्या सिलतऱ्याच्या एका लॅबमध्ये हाच प्रयोग करत होती. त्यांनी तिला फोन लावला.

"अनुश्री, तिथं वायू सुटला असेल, हातातलं सोड अन् बाहेर नीघ!"

"काहून बाबा? इथं तर कसलाच वास नाही."

"बेटा, तुझं नाक माझ्यावर गेलं आहे! पळ!"