गिलाव्याला हात न लावता

"गिलाव्याला हात लावायचा नाही," धाकटीने वायरमनला पुन्हा एकदा बजावलं. "एक खिळा जास्त मारलात तर भिंत अंगावर येईल."

वायरमन शिडीवरूनच हसला. घर म्हणजे पूर्वीची लाकडाची वखार. मध्ये आडभिंत घालून झोपायची खोली काढलेली. खिडकी एकच, तीही पार वर. गिलावा असा की कुणी जोरात शिंकलं तरी पोपडे पडायचे. म्हणून वायर भिंतीत न पुरता प्लास्टिकच्या पट्टीतून वरच्यावर फिरवायची, पलंगाच्या उशाशी लाकडी फळी ठोकायची आणि फळीमागे दिव्यांची माळ लपवायची, असं ठरलं होतं.

आणि हे सगळं दादा यायच्या आत व्हायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात बाबा खोलीत स्टुलाला अडखळून पडले. मनगट चांगलं टम्म सुजलं. स्टूल वाटेत ठेवलं होतं धाकटीनेच, पण त्या अंधारात कुणाला काय दिसणार? दादाने फोनवर तिला फैलावर घेतलं. आज तो स्वतः खोली बघणार होता, आणि पटली नाही तर बाबांना आपल्याकडे घेऊन जाणार होता. बाबांशिवाय या घरात राहायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

बाबा पलंगावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. अजूनही सुईत दोरा स्वतःच ओवायचे, आणि तोही तिच्यासाठी. बोटांनाच डोळे आहेत त्यांच्या, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

"मला दिसतंय गं व्यवस्थित," बाबा म्हणाले.

"दादासमोर अगदी असंच म्हणा. तेवढं तरी करा माझ्यासाठी."

वायरमनचंही तेच टुमणं. एवढे दिवे कशाला, ही खोली आहे की नाटकाचा रंगमंच? त्याला घरी जायची घाई झालीय, हे तिने लगेच ताडलं आणि भांडून कपाटावर आणखी एक ट्यूब लावून घेतली. हल्ली जिथे तिथे हेच रडगाणं. ती कामाला जायची त्या लाँड्रीत मालकाने मिणमिणते दिवे टांगलेले. रस्त्यावरचे दिवे असून नसल्यासारखे. आणि आभाळ? यंदा भर उन्हाळ्यातसुद्धा ते मेलं नीट उघडलं म्हणून नाही.

दादा आला. पाणीही न पिता थेट खोलीत शिरला. धाकटीने दाराची चौकट घट्ट धरली आणि वायरमनला खूण केली.

बटणं एकामागून एक दाबली गेली.

"बास, बास," बाबा म्हणाले. "डोळे दिपले माझे."

किती गुणाचे ते. सांगितलं होतं त्याच्या चार पावलं पुढेच गेले. तिला मात्र रडू कोसळायच्या बेतात होतं. एवढी उठाठेव करून फळीमागे नुसता फिकट पिवळा पट्टा उमटला होता, बाकी खोली होती तशीच. बाबा कितीही सावरून घेऊ देत, दादा काही दुधखुळा नव्हता.

ती कसंबसं म्हणाली, की अजून एक ट्यूब लावू, दोन लावू, पण बाबांना नेऊ नकोस.

शिडी आवरणारा वायरमन थांबला. दादाने डोळ्यांवर आडवा धरलेला हात खाली घेतला, आवाज न करता तो तिच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला आणि तोच हात त्याने तिच्या चेहऱ्यासमोरून हळूच फिरवला.

धाकटीने सुस्कारा टाकला, आणि त्याच्याच तोंडाकडे बघत दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, दादा रागावून बाहेर गेला का?"