तेरा डबे

"काकू, औषधं कोणती घेता?"

"एकही नाही," अनुराधाबाई ठसक्यात म्हणाल्या. "सत्तरी ओलांडली, पण डोकेदुखीची साधी गोळी कधी घेतली नाही."

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलातल्या फार्मासिस्ट क्षितिजला हे उत्तर नवं नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या लेकीला, मृणालिनीला, तर मुळीच नव्हतं. चूर्ण, काढा म्हणजे औषध नव्हेच, असं आपली माणसं धरून चालतात. म्हणून तर क्षितिजच्या हातातला हा प्रश्नांचा फॉर्म तिनंच बनवला होता. हर्बल सप्लिमेंटमध्ये कोणतं नैसर्गिक विष किती आहे आणि ते किती दिवसांत यकृत पोखरतं, हे तपासणं ही तिची नोकरी.

"बरं, सकाळी उठल्यावर काय घेता?" क्षितिजनं फॉर्मवरचा पुढचा प्रश्न विचारला.

"ते होय! पुण्याच्या वैद्यांचं चूर्ण. दोन चमचे, कोमट पाण्यातून. दीड वर्ष झालं." त्यांनी उशाच्या पिशवीतून डबा काढला.

"यावर एकच चमचा लिहिलाय."

"चांगलं ते थोडं जास्त घेतलं तर काय बिघडतं?"

डबा मृणालिनीच्या ओळखीचा होता. पण आई स्वतःही ते घेत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एअरपोर्टवर भेटली तेव्हाच आईचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले होते. आज सकाळी डॉक्टरांनी मृणालिनीला बाहेर बोलावून सांगितलं, यकृत आता फार दिवस साथ देणार नाही. आईला अजून याचा पत्ता नव्हता. मृणालिनीला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. ज्या कोणी हे आईच्या गळी उतरवलं, त्याला ती सोडणार नव्हती.

"शेवटचा प्रश्न विचार, क्षितिज. आणि नाव नीट लिहून घे."

"काकू, हे घ्यायला कोणी सांगितलं? वैद्यांनी?"

"छे! वैद्यांकडून मी हिच्यासाठी आणायचे. बाळंतपणानंतर फार थकायची बिचारी. इकडे येणाऱ्या प्रत्येकाबरोबर डबा धाडायचे. स्वतः घ्यायचा धीर नव्हता मला." अनुराधाबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. "पण ही दर रविवारी फोनवर सांगायची, आई, रोज घेतेय, एकदम हुशारी वाटते. यातली एवढी जाणकार पोरगी स्वतः घेतेय म्हटल्यावर मला कसली भीती? हिचंच नाव लिहा."

क्षितिजचं पेन थांबलं.

मृणालिनीच्या गॅरेजात, कॅम्पिंगच्या तंबूमागे, तसले तेरा डबे होते. आईचं मन मोडायला नको म्हणून तिनं ते फेकले नव्हते. सील मात्र एकाचंही तोडलं नव्हतं.