जुन्या कार्डातली नावं

"अहो! अहो, ऐकलंत का? ओ दिलीत तर जीभ झिजेल का तुमची?"

स्वयंपाकघरातून हाक यायची आणि शिवणयंत्रावर बसलेले मास्तर म्हणायचे, "हं." ओठांत टाचण्या धरलेला शिंपी दुसरं काय म्हणणार? हाक आली की हुंकार, हाक आली की हुंकार. चाळीस वर्षं ही शिवण चालली. वरून हाकेचा दोरा, खालून हुंकाराचा.

बायको जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. तिचा बटणांचा फोन फळीवर होता तिथेच होता. मास्तर तो आठवणीने चार्ज करत, आणि दिवेलागणीला कामावर बसल्या बसल्या आपल्या फोनवरून तिचा नंबर लावत. आत फोन वाजे. उठून बघायला ते कधी गेले नाहीत. गेले असते तर कुणी उचलत नाही हे दिसलं असतं. वाजायचा थांबला की ते पुन्हा पायडल मारू लागत.

काल तो वाजलाच नाही.

"वाजणार कसा?" मोबाइलच्या दुकानातली बाई म्हणाली. "जुनी कार्डं बंद झाली, काका. तीन महिने मेसेज येत होते, वाचले नाहीत?"

"तिच्या फोनमध्ये मी डोकावत नाही."

"मग सुखी आहात," बाई हसली.

कार्ड मास्तरांच्याच नावावर होतं, तेवढं बरं. तिने सही घेतली, फोटो काढला, नखाएवढं नवं कार्ड समोर ठेवलं.

"नंबर तोच राहील. तासाभरात सुरू होईल. पण नावं नाही येणार हं. घरच्यांनी सगळी नावं कार्डातच ठेवलीत, फोनमध्ये एकही नाही. आणि जुनं कार्ड मला कापून टाकावं लागतं. त्यांना विचारून घ्या, कुठली हवीत ते."

"विचारायचं काय त्यात? सगळी हवीत." मास्तरांनी खिशातून मापांची वही काढली. "तुम्ही वाचा ताई, मी लिहितो. मला एवढं बारीक दिसत नाही."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बाईने फोन हातात घेतला, बटणं दाबून पाहिली. "खाली जायचं बटण मेलंय हो याचं. वरचं चालतंय. शेवटापासून उलटी वाचते."

मास्तरांनी पेनचं टोपण काढून सवयीने ओठांत धरलं.

"हसरी."

"हं."

"ही कोण हो?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नाव लिहिलं, नंबर लिहिला.

"वायरमन. लायब्ररी. रांगेतली... आता ही कुठल्या रांगेतली?"

दवाखान्यातली असेल. तिथे ती एकटीच जायची. मास्तरांचा हात जरा रेंगाळला. "हं," ते म्हणाले.

"सगळ्याला हंच," बाई म्हणाली. "घरीही असंच का?"

पुढचं अक्षर म होतं. मास्तरांनी मान वर केली. गिऱ्हाइकं, शेजारी, जावई, सारं जग त्यांना मास्तर म्हणायचं.

"मोठी जाऊ," बाईने वाचलं. मग बटण दाबून, "भाजीवाली."

म संपला होता.

"काका, लिहिताय ना? भाजीवाली."

"हं."

मास्तर लिहीत राहिले. शिंपी असतं तर मघाशीच येऊन गेलं असतं. अजून घ होता. घरचे, घरधनी, काहीतरी असेल. धाकटी लेक आली, दाढेचा डॉक्टर आला, थोरली लेक आली. मग घ आला.

"घड्याळवाला."

घड्याळवाल्यालाही जागा होती. आणि मास्तर रोज संध्याकाळी कुणाला फोन लावत होते? ज्या फोनात आपण नाहीच, त्याला? आत वाजत होता तेव्हा पडद्यावर नुसते आकडे उजळत असतील, परक्या माणसाचे उजळतात तसे.

"गॅस. कुलूपवाला."

कुलूपवाला तर आयुष्यात एकदाच आला होता, किल्ली हरवली तेव्हा.

"इस्त्री. झालं." बाईने मान मोकळी केली. मास्तरांनी वही मिटायला घेतली. छातीच्या आणि कमरेच्या मापांखाली एका बाईचं सगळं जग दोन पानांत मावलं होतं.

"थांबा, थांबा. एक राहिलं. सगळ्यात पहिलंच राहिलं की."

मास्तरांनी वही पुन्हा उघडली.

"अहो," बाई म्हणाली.

ती आपल्यालाच काही सांगतेय असं वाटून मास्तर वाट बघत राहिले. पण ती तर मघापासून काका म्हणत होती.

म्हाताऱ्याला ऐकू गेलं नसावं, असं बाईला वाटलं. तिने आवाज चढवला.

"अहो!"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. ओठांतलं टोपण काढून मुठीत धरलं.

"ओ," ते म्हणाले.