दोघींची एक नोंद

विद्यापीठात सगळ्यांना नवी ओळखपत्रं द्यायची होती. संगणकातल्या दुबार नोंदी काढायचं काम नोंदणी कक्षातल्या साहेबांकडे होतं. एका ठिकाणी आडनाव, जन्मतारीख, पत्ता, चेहरा, सगळं सारखंच दिसलं. साहेबांनी हातासरशी त्या दोन नोंदींची एक करून टाकली.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी टेबलाशी आली. "सर, माझ्या कार्डानं ग्रंथालयाचं दार उघडत नाही. ताईच्या कार्डानं उघडतं."

"ताई?"

"जुळी आहे. घटकाभरानं मोठी, पण तोरा आजीचा."

साहेबांना हसू आलं नाही. आपण फोन करून खात्री का केली नाही, ही चुटपुट त्यांना लागली. नोंद आता वेगळी होईना. धाकटीची माहिती नव्यानं भरायला त्यांनी तिच्या आईला फोन लावला.

"धाकटी कुठली?" आई म्हणाली. "अहो, मला एकच मुलगी. ही काय, शेजारी बसलीय."

"पोरी, चुकलं माझं," म्हणायला साहेबांनी मान वर केली.

तेवढ्यात फोनमधून तिकडच्या मुलीनं विचारलं, "आई, कोण आहे गं?"

समोरच्या मुलीचे ओठ त्याच शब्दांबरोबर हलले. आवाज फक्त फोनमधून आला.